ॲथलोनमध्ये मी आधीच वारले होते

आयर्लंडहून परतल्यापासून गल्लीत जो भेटतो तो आधी थंडीचं विचारतो, मग भाज्यांचं. दोन्हींची उत्तरं देऊन माझं तोंड दुखलं. थंडी सोसण्यासारखी आहे. मेथी मिळते, कोथिंबिरीच्या चार काड्या प्लॅस्टिकच्या पेटीत झोपवून विकतात. पण मला खरी सवय ज्याची करून घ्यावी लागली ते कोणीच विचारत नाही, आणि विचारणार तरी कसं? मी तिथे पोचायच्या काही वर्षं आधीच वारले होते.

मी वसुधा. सांगलीत मुलींच्या शाळेत खेळ शिकवून निवृत्त झाले. गळ्यातली शिट्टी गेली, आवाज राहिला. माझा धाकटा भाऊ मिलिंद आयर्लंडच्या मध्यावर ॲथलोन नावाच्या गावात टेलिकॉम कंपनीत नोकरीला आहे. त्याची बायको शिल्पा वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनियर. त्यांची एकुलती एक मुलगी इरा सतरा वर्षांची आहे आणि ती पोहते. आपल्याकडची मुलं मे महिन्याच्या सुट्टीत पोहतात तसं नव्हे. बटरफ्लाय या पोहण्याच्या प्रकारात देशातल्या पहिल्या चार-पाच मुलींत तिचं नाव असतं. देश लहान आहे हे खरं, पण पाणी काही लहान नसतं. डब्लिनच्या शर्यतीत ठरलेली वेळ गाठली तर ती आयर्लंडच्या ज्युनियर संघात जाणार होती. ती शर्यत बघायला मिलिंदने मला बोलावलं होतं.

वाटेवरचा पेट्रोल पंप

विमानतळावरून निघाल्यावर मिलिंद फार गोड बोलत होता, तेव्हाच मला शंका आली. प्रवास कसा झाला, ग्रँड. गुडघे कसे आहेत, ग्रँड ना? या देशात ‘ग्रँड’ हा शब्द मिठासारखा सगळ्यात टाकतात. वाटेत एका पेट्रोल पंपावर त्याने गाडी थांबवली आणि माझ्या हातात हातभर लांबीचा पाव दिला. आत तळलेलं चिकन आणि वाटीभर मेयोनीज. इथली सगळी माणसं हेच खाऊन कामाला जातात म्हणे. मी दोन घास खाल्ले तोवर तो स्टिअरिंगकडे बघत बसला होता.

मग म्हणाला, "ताई, एक काम कर. क्लबमध्ये कोणी विचारलं तर तुझं नाव मालती सांग."

आमच्यात मालती कोणी नाही. मी कारण विचारलं, आणि त्याने ते पंपावरच सांगितलं, कारण घरी शिल्पा आणि इरासमोर सांगायची त्याची हिंमत नव्हती.

इराच्या पोहण्याच्या क्लबात एक पद्धत आहे. मोसम संपला की त्यांची घरगुती शर्यत होते, आणि तिच्या शेवटी पालकांची रिले. सुटलेल्या पोटांचे बाप आणि पाठदुखीच्या आया टोप्या घालून पाण्यात उतरतात, मुलं काठावरून ओरडतात आणि सगळे पोट धरून हसतात. अडचण एवढीच, की मिलिंदला पोहता येत नाही. लहानपणी मी त्याच्या पाठीला डबा बांधून त्याला कृष्णेत सोडला होता, तर तो डब्यासकट काठावर येऊन घरापर्यंत पळत गेला. त्यानंतर त्याने बादलीपेक्षा खोल पाण्याशी संबंध ठेवला नाही. पण इरा पहिल्यापासून माशासारखी. क्लबात कोणीतरी विचारलं, भारतात तूही पोहायचास का? हा म्हणाला, थोडंफार. ते थोडंफार त्याला भोवलं.

एका वर्षी खांदा दुखावला. एका वर्षी कानात औषध घातलं होतं. एका वर्षी त्याने सांगितलं की आज आमची एकादशी आहे आणि एकादशीला आम्ही पाण्यात उतरत नाही. धर्माचं म्हटल्यावर ती माणसं अदबीने गप्प बसली. त्याला चटक लागली. पुढच्या वर्षी त्याने सुतक काढलं.

"त्यांनी विचारलं, कोण गेलं? मला वाटलं नव्हतं विचारतील. तोंडात पहिलं नाव आलं ते तुझं."

आपल्याकडे सुतक म्हटलं की माणसं चार पावलं मागे सरतात. मिलिंदचा हिशोब तोच होता. त्याला हे ठाऊक नव्हतं की आयर्लंडमध्ये मरण म्हटलं की माणसं पुढे येतात. त्याच संध्याकाळी अख्खा क्लब त्याच्या दारात उभा राहिला. कोणी सफरचंदाचा टार्ट आणला, कोणी हॅमच्या सँडविचचा डोंगर. प्रत्येकाने हात हातात घेऊन ‘सॉरी फॉर युवर ट्रबल’ म्हटलं, आणि चहा पीत तास तास बसून गेलेल्या बाईबद्दल विचारलं. चर्चमध्ये माझ्या आत्म्यासाठी मिस्सा, म्हणजे त्यांची प्रार्थना, झाली. तिचं कार्ड फादरच्या सहीनिशी घरी आलं.

मी इतकी हसले की पाव मांडीवर पडला आणि नव्या शालीवर मेयोनीज सांडलं.

"सुतक किती दिवस पाळलंस?"

"रिले होईपर्यंत," तो म्हणाला.

मी मालती, म्हणजे त्याची उरलेली बहीण, व्हायला कबूल झाले, पण एका अटीवर. घरी गेल्या गेल्या मला ते कार्ड दाखवायचं. माझ्या आत्म्यासाठी एवढी सोय कोणी केली नव्हती.

ॲथलोन

इथे कपाटाला ‘प्रेस’ म्हणतात. गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं एक ‘हॉट प्रेस’ असतं, त्यात इराचे टॉवेल कायम वाळत असतात आणि दार उघडलं की तलावाचाच वास येतो. कार्ड स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये पोह्यांच्या डब्यामागे होतं. सोनेरी कडा, कबुतर, आणि माझं नाव. वसुधाचं स्पेलिंगसुद्धा बरोबर. मी ते चष्म्याने आणि चष्म्याशिवाय वाचलं. शिल्पा म्हणाली, "ताई, मी त्या संध्याकाळी कारखान्यातच होते, मला तर आठ दिवसांनी कळलं. तोवर मी सगळ्यांचे टार्ट खाल्ले होते."

शिल्पाने पोहण्याच्या भानगडीतून स्वतःला केव्हाच सोडवून घेतलंय. तो सगळा कारभार बाप-लेकीचा. पहाटे, कावळेसुद्धा उठायच्या आत, मिलिंद उठतो, चहा भरून घेतो आणि इराला तलावावर नेतो. नऊ वर्षं हेच चाललंय. मीही दुसऱ्या दिवशी निघाले. थंडीचा धसका घेतलेला, म्हणून आत थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर मिलिंदचं जाकीट, मफलर, लोकरी मोजे. आत गेले तर काय, रत्नागिरीचा मे महिना. पायांत निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून मी काठावरच्या बाकावर बसले आणि एकेक कपडा उतरवत गेले. शेवटी माझ्याशेजारी कपड्यांचा एवढा ढीग झाला की एक बाई तिथे आणखी कोणी बसलंय समजून ‘मॉर्निंग’ म्हणून गेली.

आणि तिथे मी माझा भाऊ नव्याने पाहिला. घरी मिलिंद शांत. शेजाऱ्यांशी हवामानापलीकडे बोलणं नाही. ऑफिसातही तसाच, असं शिल्पा सांगते. तलावावर मात्र त्याच्या गळ्यात वेळ मोजायचं घड्याळ, हातात कप, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला काहीतरी चिडवून जाणार. हाही परत चिडवणार. एका पोराच्या पोहायच्या चष्म्याचा पट्टा तुटला तर याच्या खिशात जादा रबर. कुणाचा पोहण्याचा वेळ किती, कुणाची आजी आजारी आहे, सगळं याला पाठ. क्लबच्या बाहेरच्या स्पर्धांतही वेळ मोजायला पालकच लागतात, आणि मिलिंद एकही चुकवत नाही. पाण्याच्या काठाला उभा राहतो तेवढ्यापुरतं त्याला पाण्याचं भय नसतं.

प्रशिक्षक ब्रीडा ही साठीची, आखूड पांढऱ्या केसांची, माझ्यासारख्याच आवाजाची बाई. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, तुझ्या बहिणीचं ऐकून फार वाईट वाटलं होतं, मालती. मी मान खाली घातली. स्वतःच्या निधनाबद्दल कसं दिसायचं असतं हे कुठे शिकवत नाहीत. मी म्हटलं, गेली ती सुटली. मिलिंद तेवढ्यात दुसऱ्या टोकाला काहीतरी फार महत्त्वाचं करायला गेला.

मग पॅट आला. नातवाला पोहायला आणणारे आजोबा, गालांवर लाल जाळी, डोळ्यांत खोडी. तो माझ्या ढिगाशेजारी बसला आणि वसुधाबद्दल बोलू लागला. मिलिंदने त्या संध्याकाळी काय काय सांगितलं होतं ते सगळं त्याच्या लक्षात होतं. वडील गेले तेव्हा मिलिंद नऊ वर्षांचा, आणि बहिणीने त्याला वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही, त्याची कारणंही कोणाला दिली नाहीत. नदी या थडीवरून त्या थडीला पोहून जाणारी गावातली ती एकटी मुलगी. आपण आज जे आहोत ते तिच्यामुळे, असं म्हणताना तुझा भाऊ रडला होता, पॅट म्हणाला.

मला खोटं रडायची वेळ आली नाही. मिलिंदने माझ्या तोंडावर कधी माझ्या आमटीलासुद्धा बरी म्हटलेलं नाही. हे सगळं ऐकायला मला मरावं लागलं, आणि वर ते आयर्लंडमध्ये. मी मफलरला नाक पुसलं. पॅटने मला अख्खं चॉकलेटचं बिस्कीट दिलं.

शॅननच्या काठी

ॲथलोनच्या मधून शॅनन नदी जाते. रुंद, संथ, चहाच्या रंगाची. काठावर एक बुटका किल्ला आहे. आपल्याकडचा कोणताही किल्ला बघितलेल्या माणसाला तो किल्ल्याचं पिल्लू वाटेल, पण मी तसं कोणाला म्हटलं नाही. शर्यत जवळ आली की पोहणाऱ्यांना सराव कमी आणि विश्रांती जास्त देतात. त्यामुळे त्या आठवड्यात इरा दुपारची मोकळी होती आणि मला फिरायला घेऊन निघाली. मी केलेली थालीपीठं तिच्या खिशात होती. ही पोरगी चालता चालता सहा थालीपीठं खाते आणि घरी जाऊन जेवणाचं विचारते.

इराला मराठी सगळं कळतं. बोलते मात्र इंग्रजीत, तेही हेल काढत, तिकडच्यासारखं. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत सांगते, आमचं छान जमतं. पुलावर उभं राहून तिने मला विचारलं, आत्या, तू गुपित ठेवतेस ना? मी म्हटलं, बाई गं, मी सध्या स्वतःच एक गुपित आहे.

मग ती म्हणाली, "मला थांबायचंय, आत्या. आय ॲम डन."

ती रडत नव्हती, चिडलीही नव्हती. तिने सगळा विचार करून ठेवला होता. वेळ गाठली तर उन्हाळ्यात देशासाठी एकदा हिरवी टोपी घालून पोहायचं, आणि मग बस्स. न गाठली तरी बस्स. सप्टेंबरपासून सकाळी झोपायचं. पुढच्या वर्षी कॉलेजात जायचं आणि एखादी गोष्ट वाईट करून बघायची, जिथे काठावर उभं राहून कोणी वेळ मोजणार नाही. कोणती गोष्ट, असं मी विचारलं. हॉकी, ती म्हणाली, किंवा गाणं, ते मी खूपच वाईट गाते.

मग अडलंय कुठे? हे ती दोन वर्षं मनात घेऊन हिंडतेय, तर बापाला सांगत का नाही?

ती पाण्याकडे बघत म्हणाली, बाबा घरी असतो तेव्हा पाहुण्यासारखा असतो, ऑफिसात तर असतोच. तलावावर तो घरचा असतो. मी पोहते म्हणून त्याला तिथे जागा आहे, असं त्याला वाटतं. मी थांबले तर त्याने कुठे जायचं? त्याची सगळी माणसं तिथेच आहेत. मी त्याची माणसं काढून घेऊ का?

शाळेत माझ्याकडे खेळ सोडायला आलेल्या शेकडो मुली बघितल्यात मी. कोणाला कंटाळा आलेला, कोणाच्या घरचे नको म्हणणारे. बापाला मित्र राहणार नाहीत म्हणून पाण्यात टिकून राहिलेली पोरगी मी पहिल्यांदाच पाहिली. मला तिचा इतका कळवळा आला की सल्ला सुचेना, आणि मला सल्ला न सुचणं ही दुर्मिळ गोष्ट आहे. एवढंच म्हटलं, सांगावं तर तुलाच लागेल, पण मी बाजूला उभी राहीन.

डब्लिन

शर्यतीच्या दिवशी डब्लिनच्या मोठ्या तलावावर मला लहान देश म्हणजे काय ते कळलं. अंतिम फेरीतल्या आठही मुली नऊ-दहा वर्षांच्या असल्यापासून एकमेकींशीच पोहतायत. एकीला दुसरीच्या कुत्र्याचं नाव माहीत, कुणाचा भाऊ नापास झाला ते माहीत. शर्यतीआधी एकमेकींना जेलीच्या गोळ्या देत होत्या. एकदा ओळीने उभ्या राहिल्या की मात्र एकीनेही दुसरीकडे पाहिलं नाही. आमच्या जिल्हा स्पर्धेत मुली एकमेकींची नावं बक्षीस समारंभात ऐकायच्या.

शर्यतीचा पोशाख चढवणं हा एक सोहळाच असतो. तो मुद्दाम इतका घट्ट घेतात की गादीला लहान पडलेली खोळ बरी. कपडे बदलायच्या खोलीत मी एका बाजूने आणि दुसऱ्या एका मुलीची आई दुसऱ्या बाजूने, आम्ही इंच इंच तो वर ओढला. ती बाई आणि मी पंधरा-वीस मिनिटांत घामाघूम झालो आणि जन्माच्या मैत्रिणी झालो.

शर्यतीचं मी काय सांगू? बटरफ्लाय बघणं सोपं नाही. प्रत्येक हाताला वाटतं, आता पुढचा उचलणार नाही. इरा अर्ध्यापर्यंत दुसरी होती, मग तिसरी झाली. शेवटच्या फेरीत तिचे खांदे पाण्याबाहेर येता येईनात. मिलिंदने घड्याळ छातीशी धरलं होतं. मी उठून ओरडत होते, मराठीत, सांगलीच्या मैदानावरच्या आवाजात. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. इराचा हात भिंतीला लागला. ती तिसरीच आली, पण फळ्यावर वेळ उमटली आणि मिलिंदने माझा दंड असा दाबला की दुसऱ्या दिवशी निळा झाला होता. तिने वेळ गाठली होती.

ती टॉवेल गुंडाळून वर आली तेव्हा तिच्या ओठांना रंग नव्हता आणि ती हसत होती. मिलिंदने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काय म्हणाला असेल? म्हणाला, "शेवटच्या फेरीत पाय थांबले तुझे."

मी त्याला चिमटा काढला. इराला बाजूला घेऊन म्हटलं, "तुझ्या बापाकडून कौतुक ऐकायचं असेल तर आधी मरावं लागतं. मी अनुभवाने सांगते."

ती हसून हसून खाली बसली. मग हळूच म्हणाली, आता बरं झालं, जमत नव्हतं म्हणून सोडलं असं आता कोणी म्हणणार नाही. मला कळलं की ती आता मागे फिरणार नाही. मिलिंद परतीच्या वाटेवर पुढच्या दोन वर्षांचे बेत सांगत होता. मागच्या सीटवर आम्ही दोघी खिडकीबाहेरचे सपाट, ओले माळ बघत होतो. दर फाट्यावर मला वाटायचं, आता ही सांगेल. तिने नाही सांगितलं.

पालकांची रिले

माझ्या परतीच्या आदल्या दिवशी क्लबची घरगुती शर्यत होती. सकाळी मिलिंद लंगडत खाली आला. डाव्या गुडघ्याला क्रेप बँडेज. शिल्पाने त्याच्याकडे पाहिलं आणि चहा ओतला.

तलावावर मी बसते न बसते तोच पॅट जवळ सरकला आणि कुजबुजला, या वर्षी काय आहे? मी विचारलं, कशाचं काय? तो म्हणाला, मिलिंदचं निमित्त गं. आम्ही दर वर्षी पैजेवर बिस्किटं लावतो. ब्रीडा म्हणते पाठ, मी म्हणतो तुमचा एखादा सण, त्या कोपऱ्यातल्या जोडप्याने कान लावलाय. मी म्हटलं, म्हणजे याला पोहता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे? पॅट म्हणाला, तलावाकाठी उभं राहून बूट ओला झाला तरी जो दचकतो, त्याचं काय माहीत असायला हवं? आम्ही ऐकायला म्हणून विचारतो.

कोणी म्हणेल, सख्ख्या बहिणीने अशा वेळी भावाची बाजू सांभाळावी. मी गुडघ्यावर लावलं, आणि चॉकलेटच्या बिस्किटांचा अख्खा पुडा जिंकला.

मिलिंद लंगडत ब्रीडाकडे गेला, गुडघा दाखवला. ब्रीडाने फार गंभीरपणे वाकून बँडेज पाहिलं, आणि मग सरळ माझ्याकडे बोट केलं. चौथा माणूस कमी पडतोय, मालती उतरेल. मी सांगलीच्या तलावावर अजून रोज पोहते, पोशाख पिशवीत होताच. मी कशाला नाही म्हणते? मिलिंद हातांनी नको नको करत होता, गुडघ्याचं विसरून चांगला तरातरा चालत माझ्याकडे आला, पण तोवर मी टोपी चढवली होती.

आमच्या चमूत एक दाढीवाला बाप, एक परिचारिका, एक जाडजूड पोलीस आणि शेवटी मी. माझी पाळी आली तेव्हा आम्ही बरेच मागे होतो. मी कृष्णेतली पोहणारी. डोकं पाण्याबाहेर, कुशीवर वळून लांब हात, पाय कात्रीसारखे. असलं पोहणं त्या तलावाने बघितलं नव्हतं. मुलं काठाने माझ्याबरोबर चालत होती. त्यांना पळावं लागत नव्हतं. सगळे केव्हाच पोचले होते आणि मी मजेत येत होते, पाणी छान कोमट होतं. भिंतीला हात लागला तेव्हा सगळा तलाव टाळ्या वाजवत होता, आणि वर घड्याळ धरून मिलिंद उभा होता. त्याचं तोंड कौतुकाने आणि भीतीने एवढंसं झालं होतं.

पॅटने मला वर ओढायला हात दिला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मेलेल्या बाईच्या मानाने झकास पोहतेस, वसुधा."

मग जो हशा उठला, तो छताला लागून परत खाली आला.

त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. अकरा वर्षांच्या इराने कपडे बदलायच्या खोलीत सांगून टाकलं होतं की आत्या मेलेली नाही, ती रविवारी फोनवर बाबाला वजनावरून रागावत होती. ब्रीडा मला टॉवेल देता देता म्हणाली, ज्याला पाण्याची इतकी भीती वाटते त्याने हवं त्याला मारावं, आम्ही कोण बोलणार? मी विचारलं, मग त्या मिस्साचं काय? पॅट म्हणाला, ती वाया जात नाही, जमा राहते. लागेल तेव्हा लागेल.

मिलिंद मात्र हसत नव्हता. कानापर्यंत लाल झाला होता. बँडेज सुटून घोट्यापाशी आलं होतं. तो ब्रीडाला सॉरी म्हणायला लागला, इतकी वर्षं मी तुम्हाला, असं काहीतरी. तिने त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. शेजारच्या रांगेकडे हात करून म्हणाली, चौथ्या लेनवर जा, मुलं थांबलीयत. तो गेला. घड्याळ शून्यावर आणलं आणि वाकून पाण्याकडे बघत उभा राहिला.

घरी परतताना पाऊस लागला होता. मिलिंद गाडी चालवत होता, मी त्याच्या शेजारी, मागे इरा आणि शिल्पा. दारात पोचल्यावर त्याने इंजिन बंद केलं, पण कोणी उतरलं नाही. तो काचेकडे बघत म्हणाला, "सगळ्यांना माहीत होतं. मग मला तिथे ठेवला कशाला? इरा पोहते म्हणून?"

मी मागे वळून इराकडे पाहिलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बोलायला लागली. इंग्रजीतच, पण सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवत. उन्हाळ्यातली हिरवी टोपी, आणि मग बस्स. सगळं सांगितलं. काचेवर पाणी साचत गेलं आणि समोरचं घर दिसेनासं झालं.

मिलिंदने विचारलं, "ब्रीडाला माहीत आहे?"

"महिनाभरापूर्वी सांगितलं."

"काय म्हणाली?"

"तिने मला एकच विचारलं," इरा म्हणाली. "तुझा बाबा राहील ना? पोहणारे म्हणाली पुष्कळ येतात, वेळ मोजायला उभं राहणारं माणूस मिळत नाही. मी म्हटलं, विचारून सांगते. म्हणून विचारतेय, बाबा."

शिल्पाने हळूच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मिलिंदने दोनदा नाक ओढलं, उगाच वायपर चालू करून बंद केला.

"सांग तिला, मी आहे म्हणावं," तो म्हणाला. मग मागे न वळताच म्हणाला, "आणि डब्लिनला, शर्यतीत, फार सुंदर पोहलीस. तू आता झोपत जा सकाळची."